दुसऱ्या ब्लॅडरची होज कुठून घ्यायची, आणि जोडून ठेवायची का?

प्रश्न मालवणातल्या एका तरुण डायव्हरचा आहे. त्याने स्टीलच्या १२-१२ लिटरच्या टाक्यांचा ट्विनसेट बांधलाय, अंगात ५ मिलिमीटरचा वेटसूट आणि पाठीला दोन ब्लॅडरची विंग, म्हणजे हवा भरून उचल देणाऱ्या दोन पिशव्या. त्याचं म्हणणं असं: "दादा, दुसऱ्या ब्लॅडरला होज लावू का? लावली तर कुठल्या फर्स्ट स्टेजवरून? एक सर म्हणतात दुसरं ब्लॅडर म्हणजे नसता व्याप, सरळ ड्रायसूट घे. दुसरे म्हणतात, तोंडाने फुगवता येतं की, तेवढं पुरे. या हंगामात आंग्रिया बँकेच्या कडेला उतरायचं डोक्यात आहे."

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. तुझ्या सेटला दुसरं ब्लॅडर हवंच. त्याची होज (हवेची नळी) डाव्या पोस्टवरून, म्हणजे डाव्या टाकीच्या नळावर बसवलेल्या फर्स्ट स्टेजमधून (टाकीचा दाब कमी करणारा भाग) घे. ती इन्फ्लेटरला (बटण दाबून ब्लॅडरमध्ये हवा सोडतो त्या भागाला) जोडून ठेवू नकोस, पण जोडणीपासून चार बोटांवर रबरबँडखाली बांधून ठेव. ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा, आत हवा भरता येणारा सूट) आपल्या पाण्यात नको. आणि तोंडाने फुगवणं शिकायचंच आहे, पण त्यावर सगळा भार टाकू नकोस.

तारकर्लीच्या वाळूवर ८ मीटरला विंग निकामी झाली तर काय होतं? तू खाली बसतोस, वाळू उडते, बडीला (जोडीदार डायव्हरला) खूण करतोस, दोघं वर येता. किनाऱ्यालगत डायव्हिंग करणाऱ्यांना या विषयाची धास्ती वाटत नाही, कारण पायाखाली तळ असतो. आंग्रिया बँकचं तसं नाही. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं ते पठार आहे, माथा वीसेक मीटर खोल. माथ्यावर आहेस तोवर ठीक. कड ओलांडलीस की खाली फक्त निळं आणि मग काळं. तिथे विंग गेली तर तुला थोपवायला काही नाही. त्यामुळे प्रश्न योग्य वेळी विचारलास.

आता आकडे बघू. १२ लिटरच्या दोन टाक्या, २०० बार, म्हणजे ४८०० लिटर हवा. एक लिटर हवेचं वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसती हवाच जवळजवळ ६ किलो. डायव्ह संपताना त्यातली बरीच संपलेली असते आणि तू हलका असतोस. पण बिघाड डायव्हच्या सुरुवातीला, सर्वांत खोल जागी झाला तर ते ६ किलो सगळेच्या सगळे अंगावर. त्यात वेटसूट. ४० मीटरला दाब ५ बार, सूटमधले बुडबुडे आकसून पृष्ठभागावरच्या पाचव्या हिश्श्याजवळ येतात. माझा ५ मिलिमीटरचा सूट तेवढ्या खोलीवर ३ किलोच्या आसपास उचल गमावतो. झाले ९ किलो.

९ किलो पायांच्या जोरावर वर नेता येतील का? दोन मिनिटं कदाचित. त्यानंतर धाप लागते, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ४० मीटरवर साठलेला कार्बन डायऑक्साइड नार्कोसिस (खोलीवर चढणारी गुंगी) वाढवतो. म्हणजे नेमकं विचार करायची गरज असताना डोकं जड होतं. मी हे मुद्दाम करून पाहिलंय, उथळ पाण्यात, वजनं लावून, बडी शेजारी ठेवून. तुलाही करायला सांगीन, कारण आपल्याला पोहता येतं म्हणजे वर येता येईल हा समज तेवढ्यानेच जातो.

उलट बाजूने बघ. ९ किलो उचलायला विंगमध्ये ९ लिटर गॅस लागतो. ४० मीटरवर तो पृष्ठभागाच्या हिशेबाने ४५ लिटर. तुझ्या पाठीवर ४८०० लिटर आहेत. म्हणजे हवा कधीच कमी पडत नाही. कमी पडते ती वाट, आणि वाटेच्या शेवटी ती हवा धरून ठेवणारी पिशवी. लोक दुसरी सोय म्हणून दुसरी बाटली, दुसरी होज, दुसरं बटण जोडत जातात. पण माझ्या अनुभवात विचारायचं ते एवढंच: ही हवा वेगळ्या फर्स्ट स्टेजवरून येते का, आणि वेगळ्या पिशवीत जाते का? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच ती दुसरी सोय. एकाच पोस्टवरून दोन होज घेऊन दोन ब्लॅडर फुगवणारे मी पाहिलेत. तो पोस्ट बंद झाला की दोन्ही ब्लॅडर सारखीच निकामी.

पोस्ट बंद होण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण डावा-उजवा हा सगळा खेळ इथेच ठरतो. उजव्या पोस्टवर लांब होजचा मुख्य रेग्युलेटर आणि विंगचा मुख्य इन्फ्लेटर, डाव्या पोस्टवर गळ्यातला रेग्युलेटर आणि गेज, ही जगभरची रीत. यामागे साधं कारण आहे. तू आडवा पुढे सरकत असताना वरून काही घासलं, गुहेचं छत, बुडालेल्या गलबताची तुळई किंवा आपल्याकडे खडकांवर अडकून राहिलेल्या जुन्या जाळ्याचा दोर, तर डाव्या बाजूचा नॉब बंद होण्याच्या दिशेने फिरतो आणि उजवा उघडण्याच्या दिशेने. म्हणून ज्यावर जीव आहे ते उजवीकडे.

पण याचीच दुसरी बाजू लोक विसरतात. उजवा रेग्युलेटर फ्रीफ्लो झाला, म्हणजे त्यातून हवा आपोआप वाहू लागली, तर तू काय करतोस? हात मागे नेऊन उजवा पोस्ट बंद करतोस. बरोबर करतोस. आणि त्याच क्षणी विंगचा इन्फ्लेटर मेला. म्हणजे विंग न फुगण्याची एक नेहमीची वाट आपण आपल्याच हाताने, नियमाप्रमाणे चालत जातो. होजमध्ये उरलेल्या दाबावर बटण एखाद्या वेळी फुस्स करतं, मग काही नाही. थंड पाण्यातल्या डायव्हरला त्या क्षणी ड्रायसूट असतो आणि त्याची होज डाव्या पोस्टवर असते, म्हणून त्याचं निभावतं. तुझ्याकडे ड्रायसूट नाही. त्याची जागा तुझ्या दुसऱ्या ब्लॅडरने घ्यायची, म्हणून त्याची होज डाव्या पोस्टवर. मुख्य होज उजवीकडून मानेमागून डाव्या खांद्यावर येते, दुसरी डावीकडून मानेमागून उजव्या खांद्यावर. दोन्ही मानेमागे एकमेकींना ओलांडतात. लांब होज या दोघींच्या वरून मोकळी सुटते ना, हे पाण्यात उतरण्याआधी आरशात किंवा बडीकडून बघून घे.

तोंडाने फुगवण्याबद्दल. पोस्ट बंद आहे, होज फुटली, बटण चिकटलं आणि तू होज काढून टाकलीस, या तीन वेळी तोंडाने फुगवता येतं. एका श्वासात दोन-अडीच लिटर जातात, चार श्वासांत काम होतं. पण बुडत असताना, रेग्युलेटर तोंडातून काढून, दर मीटरला सूट आणखी आकसत असताना ते चार श्वास लांब वाटतात. आणि पिशवीच हवा धरत नसेल तर तोंडाने फुगवून काय उपयोग?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका वर्षी पावसाळ्यात विंग आतून धुण्यासाठी मी डाव्या खांद्यावरचा एल्बो उघडला होता. पन्हाळ्या असलेली इन्फ्लेटरची जाड नळी ब्लॅडरला ज्या कोपऱ्यावर जोडतात, तो. परत बसवताना आतला रबरी वॉशर थोडा तिरका बसला आणि वरची चकती मी नुसत्या हाताने आवळली. हंगामातले पहिले दोन डायव्ह उथळ होते, काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी कडेच्या बाहेर, ३१ मीटरवर, मी बटण दाबलं आणि डाव्या कानामागे गडगड आवाज झाला. उचल आली नाही. परत दाबलं, परत गडगड. हात मागे नेला तर एल्बो बोटांना हलताना लागला, चकती जवळजवळ सुटलेली. तोवर कॉम्प्युटरवर ३४. उजव्या खांद्यावरची होज रबरबँडखालून ओढली, जोडली, बटण दाबलं, आणि पाठीवर दुसरं ब्लॅडर ताठ होत गेल्याचं जाणवलं. बडीला खूण केली, आम्ही माथ्याकडे वळलो. त्या दिवशी मी तोंडाने शंभर श्वास फुंकले असते तरी ते कानामागूनच निघून गेले असते. वॉशरची चूक माझी. पण दुसरं ब्लॅडर नसतं तर त्या चुकीची किंमत वेगळी असती.

डंप व्हॉल्व्हमध्ये (ब्लॅडरमधली हवा सोडायचा व्हॉल्व्ह) वाळूचा कण अडकणं, कालवांच्या धारेने ब्लॅडर फाटणं, हेही त्याच जातीचे बिघाड. निवतीच्या खडकांवर ज्याने एकदा गुडघा टेकवलाय त्याला कालवांची धार समजावून सांगायला नको.

मग होज जोडूनच का ठेवायची नाही? यावर चांगल्या, अनुभवी माणसांत मतभेद आहेत. जोडून ठेवणारे म्हणतात, गरजेला एक हालचाल कमी. खरं आहे. पण इन्फ्लेटरच्या बटणाखाली एक छोटा श्रेडर व्हॉल्व्ह असतो, मोटरसायकलच्या ट्यूबला असतो त्याच जातीचा. मुख्य इन्फ्लेटरचं बटण तू दर डायव्हला पन्नासदा दाबतोस, तो चालता राहतो. दुसऱ्याचं बटण महिनोन्महिने कोणी दाबत नाही. खारं पाणी आत शिरतं, खाडीच्या तोंडाशी असतो तो बारीक गाळ बसतो आणि व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही. मग हवा थेंबाथेंबाने दुसऱ्या ब्लॅडरमध्ये जात राहते आणि तुला पत्ता नसतो.

माझ्यासोबत एकजण २० मीटरवरून वर येत होता. विंग रिकामी करतोय, नळी उंच धरलीये, तरी वर चाललाय. पुन्हा रिकामी करतोय, पुन्हा वर. मी त्याची फिन धरली आणि पाठीवरून हात फिरवला तर दुसरं ब्लॅडर फुगलेलं. त्या ब्लॅडरची हवा सोडायची दोरी ओढली तेव्हा कुठे थांबला. डेको (वर येताना ठरल्या खोलीवर थांबायची सक्ती) शिल्लक असता तर गोष्ट रुग्णालयापर्यंत गेली असती. संध्याकाळी पडवीत बसून तो इन्फ्लेटर उघडला. श्रेडरच्या पितळी पिनेवर हिरवट खरड, स्प्रिंगच्या वेढ्यांत पिठासारखा गाळ, आणि पिन बोटाने दाबून सोडली तर पूर्ण वर येत नव्हती, केसाएवढी खाली राहत होती. तेवढ्या फटीतून २० मीटरपर्यंत एक ब्लॅडर भरलं होतं.

बुडणं आणि सुसाट वर जाणं यांत डेको असलेल्या डायव्हरला दोन्ही सारखीच वाईट. म्हणून आपल्या गाळाच्या, मिठाच्या पाण्यात माझं मत पक्कं आहे: होज लावलेली, पण जोडलेली नाही. जोडायला किती वेळ लागतो ते सरावावर आहे. पडवीत डोळे मिटून पन्नासदा, मग सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात, मग खोल. दहा सेकंदांच्या आत आलं पाहिजे. होज दाबाखाली असताना कपलिंग थोडं जोरात रेटावं लागतं, त्यामुळे सराव टाकी उघडी ठेवूनच कर, बंद ठेवून केलेला सराव फसवा असतो. आणि दुसरं ब्लॅडर वापरलंस की तो डायव्ह संपला. वर येताना आधी त्यातली हवा सोडत ये. दोन्हींत हवा ठेवून वर आलास तर कुठल्या पिशवीने किती उचललंय याचा हिशेब राहत नाही.

ड्रायसूटचं. ज्या सरांनी सुचवलं त्यांचं शिक्षण थंड पाण्यात झालं असावं, आणि तिथे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. आपल्याकडे हंगामात पृष्ठभागाचं पाणी २६ ते २९ अंश. होडीवर एप्रिलच्या उन्हात ड्रायसूट चढवून ट्विनसेट बांधेपर्यंत माणूस घामाने निथळतो, अंगातलं पाणी कमी होतं, आणि अंगातलं पाणी कमी झालेला माणूस डेकोच्या डायव्हला पाठवू नये. नोकरीनिमित्त थंड पाण्यात जाणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी सांगतो. पाठीवर ट्रायमिक्स (हेलियम मिसळलेला गॅस) असेल तर त्यातून सूट फुगवू नका. हेलियम हवेच्या जवळजवळ सहापट उष्णता वाहून नेतो, अंग गारठतं. त्यासाठी आर्गॉनची किंवा साध्या हवेची छोटी वेगळी बाटली लावतात. त्या बाटलीच्या फर्स्ट स्टेजला सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) नसतो, म्हणजे आतला दाब चढत गेला तर बाहेर पडायला वाट नसते. तेव्हा तिच्या लो प्रेशर पोर्टवर जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह हवाच. तो नसेल तर होज फुटते किंवा सूट आपोआप फुगू लागतो.

तू विचारलं नाहीस, पण स्टीलच्या टाक्यांचा पुन्हा विचार कर. वेटसूटवर स्टीलचा ट्विनसेट म्हणजे वजन टाकून हलकं होण्याची सोयच नाही, सगळं वजन टाकीतच. ॲल्युमिनियमच्या दोन टाक्या घेतल्यास तर हवेचं वजन साधारण तेवढंच, पण टाक्या स्वतः रिकाम्या होताना तरंगू लागतात. म्हणून कमरेला थोडं शिसं लागतं, आणि त्यातलं काही अखेरच्या क्षणी सोडता येतं. शिसं सोडणं हा शेवटचा उपाय, कारण पुढच्या डेको स्टॉपला तेच वजन कमी पडतं. पण बुडण्यापेक्षा दोर धरून लटकणं बरं. खिसा परवडत असेल तर ॲल्युमिनियम. नसेल तर स्टील चालेल, पण मग दुसऱ्या ब्लॅडरबाबत कुठलीही तडजोड नाही. साइडमाउंटवाल्यांचं, म्हणजे टाक्या अंगाच्या दोन बाजूंना लावणाऱ्यांचं, गणित निराळं आहे. त्यांच्या दोन टाक्या मुळातच स्वतंत्र असतात, त्यामुळे दुसरी होज दुसऱ्या टाकीवरून आली की झालं.

एसएमबीने (खूण म्हणून पृष्ठभागावर सोडायच्या फुगवायच्या नळीने) उचल घेता येते का, असंही काही जण विचारतात. येते. मोठी एसएमबी वर सोडायची आणि दोर गुंडाळत त्याला धरून राहायचं. तिसरी सोय म्हणून उत्तम, आणि आपल्याकडे ट्रॉलरची ये-जा बघता ती तशीही वर पाठवायचीच असते. पण बुडत असताना ती उलगडून, स्पूल (दोराचं रीळ) सोडून, फुगवण्याला दोन मोकळे हात आणि शांत डोकं लागतं. दुसऱ्या ब्लॅडरच्या जागी तिला धरू नकोस. दोन ठेव मात्र, एक नेहमीची, एक खिशात पडून राहणारी.

देखभाल. पावसाळ्यात आपलं सामान चार महिने पडून असतं, दमट हवेत, आणि बिघाड तिथे सुरू होतो. हंगाम संपताच दोन्ही ब्लॅडर विहिरीच्या गोड पाण्याने आतून खळखळून धुवायची, दोन-तीनदा, बाहेर पडणारं पाणी चाखून बघायचं, खारट लागेनासं होईपर्यंत. अर्धवट फुगवून सावलीत टांगायची, म्हणजे आतले थर एकमेकांना चिकटत नाहीत. दोन्ही श्रेडर दरवर्षी बदल, साफ करत बसू नकोस. त्या पिनेची किंमत होडीच्या डिझेलच्या मानाने काहीच नाही. एल्बोची चकती आवळल्यावर ब्लॅडर टणक फुगवून रात्रभर ठेव. सकाळी मऊ लागलं तर बादलीत बुडवून बुडबुडे शोध. हंगामात होडीवर पाच लिटर गोड्या पाण्याचा कॅन फक्त इन्फ्लेटरसाठी ठेव. दर डायव्हनंतर दुसऱ्याचं बटणही, होज न जोडता, पाण्याखाली दहा वेळा दाब.

आंग्रियाला जाण्यापूर्वी हे कर. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळला की सगळा सेट बांध, टाक्या २०० बारला भर, आणि तारकर्लीसमोर ६ मीटरच्या वाळूवर बडीबरोबर उतर. उजवा पोस्ट बंद कर, मुख्य ब्लॅडर पूर्ण रिकामं कर, आणि गुडघे वाळूला न टेकवता दुसरी होज जोडून तरंगत रहा. मग डावा पोस्ट बंद करून उजव्यावर. मग होज न जोडता तोंडाने. बडीला घड्याळ लावू दे. तिन्ही वेळा वाळू उडाली नाही, की मला सांग. कडेवरचा पहिला डायव्ह आपण बरोबर करू, ३० मीटरच्या आत, माथा नजरेत ठेवून.